नालासोपारा ते न्यूयॉर्क किती लांब?

आमच्या चाळीतली एक मुलगी शिकायला न्यूयॉर्कला निघाली आहे. तिची आई आम्हाला विचारते, "भाऊ, किती लांब हो?"

मुंबईहून आकाशमार्गे सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. थेट विमानाला पंधरा-सोळा तास. पण रात्री दोनला निघालेले विमान तिथे त्याच सकाळी आठच्या सुमारास उतरते! उन्हाळ्यात तिथले घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते ना.

"म्हणजे सहाच तास?" ताई खूश. समजावता समजावता आमची चर्चगेट लोकल चुकली.

बाबासाहेब जुलै १९१३ मध्ये तिथे पोहोचले ते बोटीने. घरी खुशाली कळायची ती पत्रानेच.

"पोरगी उतरेल तेव्हा इथे किती वाजतील?"

संध्याकाळचे साडेपाच. आम्ही त्या वेळी ताईंकडेच बसणार आहोत.