जबाबदारी दिली, अधिकार दिले का?

व्यापारी कुटुंबातील पेढीचा कारभार पिढ्यान्‌पिढ्या एका ठरावीक पद्धतीने चालत आला आहे. खरेदी शेठजी ठरवितात, उधारी कोणाला व किती द्यावयाची हे शेठजी ठरवितात, धनादेशावर सही त्यांचीच असते आणि तिजोरीची किल्लीही त्यांच्याच जवळ असते. एका दुकानापुरती ही पद्धत उत्तम होय; तेथे मालकाची नजर हाच हिशेबतपासनीस. परंतु एका दुकानाची तीन दुकाने होतात, जोडीला गोदाम व लहानसा कारखाना उभा राहतो, शिकून आलेला मुलगा आणि पगारी व्यवस्थापक कामाला लागतात, तेव्हा हीच पद्धत वाढीच्या आड येऊ लागते. लहानमोठा प्रत्येक निर्णय एकाच टेबलापाशी येऊन थांबतो. उद्योगाच्या व्यवस्थापकांपुढे आज अनेक प्रश्न आहेत. स्पर्धा आहे, भांडवलाची चणचण आहे, कुशल माणसे टिकत नाहीत, कायदे बदलतात. पण या सर्वांच्या मुळाशी पुष्कळदा एकच उणीव सापडते. माणसाला जबाबदारी दिलेली असते, तिच्या जोडीचे अधिकार मात्र दिलेले नसतात.

या संदर्भात शेठ वालचंद हिराचंद दोशी यांचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात जन्मलेल्या वालचंदजींचे घर कापसाच्या व्यापाराचे व सावकारीचे. रेल्वेच्या कंत्राटांचा अनुभव त्या घराला नव्हता. तो होता लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्यापाशी. फाटक पूर्वी रेल्वेत कारकून होते व नंतर कंत्राटे घेऊ लागले होते. वालचंदजींनी त्यांना पगारावर न ठेवता त्यांच्याशी भागीदारी केली. एकाजवळ भांडवल व पत, दुसऱ्याजवळ कामाची जाण. बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून सुरू झालेली ही जोडी पुढे मोठी कामे घेऊ लागली.

१९१९ मध्ये नरोत्तम मोरारजी प्रभृतींसह त्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभारली. तिचे ‘लॉयल्टी’ जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाले; हाच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. ब्रिटिश जहाज कंपन्यांनी भाडी पाडून या कंपनीस जेरीस आणण्याचा प्रयत्न केला, तरी ती टिकली. १९२९ पासून वालचंदजी तिचे अध्यक्ष होते आणि सरव्यवस्थापक म्हणून मनसुखलाल मास्टर यांच्यासारखा जाणकार माणूस कंपनीला लाभला. १९४० च्या डिसेंबरात बंगळुरात विमानांचा कारखाना, १९४१ मध्ये विशाखापट्टणम येथे जहाजबांधणीची पायाभरणी, १९४४ मध्ये मोटारींसाठी प्रीमियर ऑटोमोबाइल्स, असे हे उद्योग एकापाठोपाठ एक उभे राहिले. विमान, जहाज वा मोटार, कशाचेही तांत्रिक शिक्षण वालचंदजींनी घेतलेले नव्हते. जाणणारी माणसे शोधणे आणि त्यांच्यावर काम सोपविणे, याखेरीज हा पसारा एका माणसाला शक्यच नव्हता. १९५० मध्ये प्रकृती ढासळल्याने ते निवृत्त झाले व ८ एप्रिल १९५३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागे गुलाबचंद व लालचंद या बंधूंनी उद्योग पुढे चालविले.

जहाजे आणि विमाने ही मोठ्यांची गोष्ट झाली, बाजारपेठेतल्या पेढीला तिचा काय उपयोग, असे कोणी म्हणेल. त्यासाठी रोजच्या व्यवहारातील एक प्रसंग पाहू. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतल्यास कायद्याप्रमाणे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. मुदत उलटल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज देणे लागते. शिवाय २०२३ च्या वित्त कायद्याने केलेल्या तरतुदीनुसार, मुदत उलटून वर्षअखेरीस थकीत राहिलेली अशी रक्कम त्या वर्षी खर्च म्हणून वजा मिळत नाही. ती प्रत्यक्ष दिली जाईल त्या वर्षीच मिळते. आता बिल तयार आहे, खात्यात पैसे आहेत, व्यवस्थापकाला मुदत ठाऊक आहे. परंतु सहीचा अधिकार एकट्या शेठजींना आणि शेठजी लग्नकार्यासाठी परगावी. मार्च उलटतो आणि कर वाढतो. येथे कोणी आळस केलेला नाही, कोणाची नियत वाईट नाही. तरीही पेढीला भुर्दंड बसतो.

दुसरा प्रसंग याहून नाजूक आहे. व्यवस्थापक एखाद्या थकबाकीदार गिऱ्हाइकाची उधारी बंद करतो. गिऱ्हाईक थेट शेठजींना किंवा धाकट्या भावाला फोन करते. जुने संबंध, नातेगोते, समाजातील ओळख. माल रवाना होतो. त्या दिवसापासून व्यवस्थापकाचा शब्द बाजारात चालत नाही आणि दुकानातील नोकरही त्याला विचारीनासे होतात. वर्षअखेरीस वसुली कमी झाली म्हणून जाब मात्र त्यालाच द्यावा लागतो. चांगला माणूस असा अनुभव दोनदा घेतो आणि तिसऱ्या वेळी राजीनामा लिहितो. घरचा मुलगा राजीनामा देऊ शकत नाही. तो अबोल होतो, निर्णय घेण्याचे टाळू लागतो. वडीलधाऱ्यांना वाटते की मुलाचे धंद्यात लक्ष नाही.

अधिकार सोपविणे म्हणजे डोळे मिटून विश्वास टाकणे नव्हे. बँकांमध्ये कोट्यवधींचे व्यवहार पगारी माणसे करतात, ते नियमांच्या बळावर. प्रत्येक पदाला रकमेची मर्यादा लेखी ठरवून दिलेली असते. नोंद एकजण करतो, तिला मंजुरी दुसरा देतो. मर्यादेबाहेरचे प्रकरण वरच्या अधिकाऱ्याकडे जाते. मर्यादेतील प्रकरणात वरचा अधिकारी सहसा हात घालीत नाही, तपासणी मात्र नियमित होते. पेढीलाही हे साधण्यासारखे आहे. कोणी किती रुपयांपर्यंत खरेदी करावी, किती सूट द्यावी, किती उधारी द्यावी, हे एका कागदावर लिहून सर्वांना दाखवावे. धनादेशांसाठी दोन सह्यांची सोय करावी. येणे रकमांचा तीस, साठ व नव्वद दिवसांचा तक्ता दर महिन्याला पाहावा. निर्णय बदलणे भाग पडले, तर तो व्यवस्थापकाला बोलावून त्याच्याच हातून बदलावा; गिऱ्हाइकाला परस्पर सांगू नये. आणि मर्यादेत राहून घेतलेला निर्णय चुकला, तर चारचौघांत कान उपटू नयेत. चुकीचा खर्च एकदाचा असतो, धास्तीचा खर्च कायमचा.

याला आणखी एक बाजू आहे, तिचा विचार सहसा शुभ मानला जात नाही, तरी तो करावयास हवा. एकट्याच्या मालकीच्या व्यवसायाला कायद्याच्या दृष्टीने मालकाहून वेगळे अस्तित्व नसते. मालकाच्या निधनाची सूचना मिळताच बँकेला त्याच्या सहीचे धनादेश वटविता येत नाहीत. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार भागीदाराच्या मृत्यूने, करारात वेगळे ठरलेले नसेल तर, पेढी विसर्जित होते. ज्या घरी दुःखाचे दिवस असतात, त्याच घरी त्याच आठवड्यात नोकरांचे पगार व व्यापाऱ्यांची देणी येऊन उभी राहतात. भागीदारीपत्रात पेढी पुढे चालू ठेवण्याचे कलम आहे की नाही, हे सवडीने आजच पाहून ठेवावे.

अधिकार खरोखर पोहोचले आहेत की नाहीत, हे पाहण्यासाठी सल्लागार नेमण्याची गरज नाही. दशलक्षण पर्वाचे दहा दिवस किंवा पर्युषणाचे आठ दिवस शेठजींनी दुकानात जाऊ नये. त्या काळात दुकानातून आलेला प्रत्येक फोन कशासाठी होता, हे एका वहीत टिपून ठेवावे. पर्व संपल्यावर ती वही व्यवस्थापकाला व मुलाला घेऊन वाचावी. जे प्रश्न त्यांना सोडविता आले असते, त्यांपुढे त्यांचे नाव लिहावे आणि पुढील वर्षासाठी ते अधिकार त्यांना द्यावेत. उरतील ते मोजके प्रश्न शेठजींचे. त्यांच्या अनुभवाची पेढीला खरी गरज तेथेच असते.