एका पंख्याच्या निमित्ताने

आमच्या महाविद्यालयाच्या वाचक मंडळात दर महिन्याला एका पुस्तकावर चर्चा होते. दिवाळीच्या सुट्टीनंतर जे पुस्तक चर्चेला घेतले, त्यावर जेवढा वाद झाला तेवढा एरवी वर्षभरात होत नाही. लिसा सी या अमेरिकन लेखिकेची ‘स्नो फ्लॉवर अँड द सीक्रेट फॅन’ ही ती कादंबरी. २००५ साली ती प्रसिद्ध झाली. शब्दकोश शेजारी ठेवून मी अखेरपर्यंत वाचलेले हे पहिलेच इंग्रजी पुस्तक. तरीही चर्चेच्या दिवशी मी एक शब्द बोलले नाही. सांगण्यासारखे काही नव्हते असे नाही. बोलायला उभी राहिले असते तर रडू आवरले नसते. तेव्हा जे राहून गेले ते आज लिहिते आहे.

ज्यांनी ही कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एकोणिसाव्या शतकातील चीन. हुनान प्रांतातील जिआंगयोंग परगण्यात लिली आणि स्नो फ्लॉवर या सात वर्षांच्या दोन मुलींचे नाते ठरविले जाते. जसे लग्न ठरवावे, तसे मैत्रीचे हे नाते जन्मभरासाठी जुळविले जाते. त्याला ‘लाओतोंग’ म्हणतात. त्याच वयात दोघींची पावले बांधली जातात. या दोघी एका पंख्यावर ‘नुशू’ नावाच्या बायकांच्या लिपीत एकमेकींना निरोप लिहितात. पुढे लिली मोठ्या घरची सून होते आणि स्नो फ्लॉवर एका खाटकाच्या घरी जाते, जिथे तिला मारहाण होते. लिली तिला सांत्वन देण्याऐवजी उपदेश देत राहते: नवऱ्याचे ऐक, मुलगा होऊ दे, सहन कर. एक दिवस पंख्यावर एक निरोप येतो. लिली त्याचा अर्थ चुकीचा लावते. मैत्रिणीने आपल्याला सोडून दुसऱ्या जणी जवळ केल्या असे तिला वाटते. सूड म्हणून ती चार बायकांच्या देखत मैत्रिणीची गुपिते उघडी करते. खरा अर्थ कळतो तेव्हा स्नो फ्लॉवर मरणशय्येवर असते. ऐंशी वर्षांची विधवा लिली १९०३ साली ही हकीकत सांगते आहे.

चर्चेत चार आक्षेप निघाले. इतिहास विभागाचे सर म्हणाले, की परदेशी वाचकाला अंगावर काटा यावा म्हणून पावले बांधण्याचे वर्णन एवढे लांबविले आहे. तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याचे म्हणणे असे, की कादंबरी ऐतिहासिक म्हणायची, आणि १८५० ते १८६४ पर्यंत चाललेले तायपिंग बंड दोन-चार प्रकरणांत उरकायचे, हा कसला इतिहास? माझ्या वर्गातील एक मैत्रीण म्हणाली, “लिली दुष्ट आहे. मैत्रीवरची कादंबरी अशी असते का?” आणि शेवटी एक बाई म्हणाल्या, की एका ओळीच्या गैरसमजावर एवढी जुनी मैत्री तुटते हे पटत नाही; लेखिकेने ते जुळवून आणले आहे.

याउलट स्तुती करणारेही होते. त्यांना सर्वांत आवडली ती ‘गुप्त लिपी’. माझे म्हणणे दोन्ही बाजूंशी पूर्णपणे जुळत नाही.

प्रथम त्या लिपीविषयी. नुशू खरीच आहे. ती लेखिकेची कल्पना नव्हे. चिनी चित्राक्षरांवरूनच ती घडली, पण तिची अक्षरे शब्दाऐवजी उच्चार दाखवितात. मुलगी सासरी गेल्यावर तिसऱ्या दिवशी तिच्या मैत्रिणींनी नुशूत लिहिलेली कापडी बांधणीची वही तिला पाठवायची प्रथा होती. बाई वारली की पुष्कळदा तिच्या वह्या तिच्याबरोबर पुरल्या किंवा जाळल्या जात. म्हणून जुने लिखाण फार थोडे उरले. १९८० नंतरच्या दशकात अभ्यासकांचे लक्ष तिकडे गेले. परंपरेने ही लिपी शिकलेल्या शेवटच्या लेखिका म्हणून ज्यांचा उल्लेख होतो, त्या यांग हुआनयी २००४ साली वारल्या. पण ‘गुप्त’ हा शब्द मला खटकतो. पुरुषांना ही लिपी असल्याचे माहीत होते. बायका ते लिखाण एकत्र बसून मोठ्याने गात असत. पुरुषांनी ते शिकून घेतले नाही, कारण बायकांच्या लिहिण्यात जाणून घेण्यासारखे काही असेल असे त्यांना वाटलेच नाही. जे लपविलेले नसते, पण ज्याकडे कोणी पाहत नाही, तेही गुपितच होऊन बसते.

हे मला आपल्याकडच्या जात्यावरून समजले. माझी आजी अंगठा उठविते. तिच्या बँकेचे कागद मीच भरते. पण तिला शेकडो ओव्या येतात. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातील बायकांच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा करून ठेवल्या आहेत. पहाटे दळताना आजी आणि तिच्या जावा गात, तेव्हा आजोबा भिंतीपलीकडेच झोपलेले असत. ओव्या त्यांच्या कानांवर पडत होत्या, पण त्यांत सासरचे काय सांगितले आहे हे त्यांनी कधी ऐकले नाही. कुलूप लावायची गरजच नव्हती.

म्हणूनच, लढाया कुठे आहेत, हा आक्षेप मला मान्य नाही. बंडाच्या वेळी ही माणसे भर हिवाळ्यात डोंगरात पळून जातात. त्यांच्या वाट्याला आलेला इतिहास तेवढाच होता, आणि तो थंडीचा आणि उपासमारीचा होता. सरांच्या आक्षेपात मात्र तथ्य आहे. लेखिकेचे पणजोबा चिनी असले तरी ती अमेरिकेत वाढली, आणि लिहिते ती इंग्रजीत. पण वर्णन लांबविले असे मला वाटत नाही. या परगण्यातल्या रीतीप्रमाणे आई स्वतःच्या हाताने मुलीची पावले बांधते. तीन इंचाचे पाऊल झाले तर चांगले स्थळ मिळेल हा त्यामागचा हिशेब. लिलीची धाकटी बहीण त्यातच दगावते. १९१२ साली चिनी प्रजासत्ताकाने बंदी घातल्यावरही आडगावांत ही चाल बरीच वर्षे चालू राहिली. आईच्या मायेत आणि मुलीच्या वेदनेत फरक करता येत नाही, अशी ती जागा आहे. ती दोन ओळींत आटोपली असती तर आपण “बिचाऱ्या चिनी बायका” म्हणून पान उलटले असते.

आता उरले दोन आक्षेप: लिली दुष्ट आहे, आणि तो गैरसमज खरा वाटत नाही. यांना उत्तर द्यायचे तर मला स्वतःविषयी सांगावे लागेल.

बालवाडीपासून बारावीपर्यंत माझी एकच मैत्रीण होती. आम्ही एका बाकावर बसलो, एका छत्रीतून शाळेत गेलो. बारावीनंतर मी वसतिगृहात आले आणि तिचे लग्न झाले. माझ्या घरात कॉलेजला आलेली मी पहिलीच. त्याचा मला किती गर्व झाला होता हे आता कळते. लग्नानंतर ती फोनवर रडे, आणि मी तिला उपदेश करी: समजूतदारपणे घे, होईल सवय. मग एके दिवशी तिच्या नवऱ्याच्या फोनवरून निरोप आला. आता फोन करू नकोस, मी सुखात आहे, तू तुझा अभ्यास कर, एवढेच त्यात होते.

मी तो शब्दशः वाचला. मला राग आला. गावच्या जत्रेत चार मुलींत बसून मी म्हणाले, की लग्न झाले की माणसे बदलतात. एवढ्यावर थांबले नाही. हे लग्न तिला करायचेच नव्हते, ती माझ्यापाशी किती रडली होती, तेही सांगून टाकले. ते बोलणे फिरत फिरत तिच्या सासरी गेले. त्यानंतर तिचे माहेरी येणे बंद झाले. हे मला दिवाळीत तिच्या आईने सांगितले. मी अंगणात उभी होते, आणि तिने मला घरात बोलाविले नाही.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मी ही कादंबरी वाचली. एका ओळीवर मैत्री तुटत नाही असे ज्यांना वाटते त्यांना माझे एवढेच सांगणे आहे, की ती त्या ओळीवर तुटत नाही. ऐकून घ्यायचे सोडून आपण उपदेश करू लागतो तेव्हाच ती उसवू लागते. ओळ फक्त शेवटचा धागा असते. लिलीला लिपी येत होती. मला तर देवनागरी, रोमन, व्याकरण, वृत्ते, सगळे येते. निरोप कोणाच्या फोनवरून आला आहे, आणि तो पाठविण्यापूर्वी कोणी वाचला असेल, एवढे मात्र मला वाचता आले नाही.

आणि लिली चांगली असती तर? आपण सगळ्यांनी स्नो फ्लॉवरसाठी दोन अश्रू ढाळले असते आणि स्वतःला लिलीच्या जागी ठेवून समाधान मानले असते. बायकांवरील अन्यायाच्या कथेत अन्याय करणारा बहुधा पुरुष असतो, निदान सासू असते. इथे ती जिवलग मैत्रीण आहे, आणि तीच हकीकत सांगते आहे. वाचकाला पळायला जागा नाही. ज्यांना ही कादंबरी आवडली नाही त्यांतील काहींना, माझ्यासारखेच, हेच बोचले असावे असे मला वाटते.

संक्रांतीला ती माहेरी आली. हळदीकुंकवाला मी तिच्या घरी गेले. तिच्या आईने या खेपेस पाट मांडला. मी काय काय बोलायचे ते पाठ करून गेले होते, पण त्यातले काही आठवले नाही. तीच म्हणाली, “अगं, मी तसं लिहिलं, आन् तुला ते खरं वाटलं?” एवढेच. पुढे आम्ही तिळगूळ खाल्ला आणि गप्प बसलो. पूर्वीसारखे सगळे झाले असे म्हणणार नाही. पण लिलीला जी संधी मिळाली नाही ती मला मिळाली, हे मी विसरणार नाही.

हा अंक मी तिला नेऊन देणार आहे. आमची लिपी घरादाराला वाचता येते. म्हणून या लेखात तिचे नाव नाही, गावाचे नाही, आणि माझेही नाही.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष, कला