मृग दिसत कां नाहीं?

जूनच्या ७ वा ८ तारखेस पंचांगांत मृग लागतो. घरांत त्याचें नांव सर्वांच्या तोंडीं असतें. अशा वेळीं एखादें चौकस मूल गच्चीवर जाऊन आलें आणि ‘मृग लागला, मग तो दिसत कां नाहीं?’ असें त्यानें विचारलें, तर वडील मंडळींपैकीं कितीजणांस उत्तर देतां येईल? ढगांवर दोष ढकलणें सोपें. पण आकाश निरभ्र असतें तरी मृग दिसला नसता. त्या दिवसांत सूर्यच त्याच्या घरीं मुक्कामास असतो! सूर्याच्या वाटेवरील २७ नक्षत्रांपैकीं प्रत्येकांत तो सुमारें १३-१४ दिवस राहतो, आणि त्या मुक्कामांवरूनच आमच्या शेतकऱ्यानें पेरणीचा हिशेब बसविला. (नक्षत्रांचीं वाहनें आजीबाईंस कितीहि प्रिय असोत, त्यांवरून पाऊस ठरत नाहीं.)

मृग पाहावयाचा तो मार्गशीर्षांत. त्या महिन्याच्या पौर्णिमेस चंद्र मृगशीर्षाजवळ असतो, म्हणून तर त्यास तें नांव. वद्य षष्ठीनंतर, रात्रीं नवाच्या सुमारास मुलांस पूर्वेकडे तोंड करून उभें करावें. चार कोपऱ्यांवरचे चार तारे हे मृगाचे पाय. मधले एका ओळींतले तीन, हा त्याच्या पोटांत रुतलेला बाण. बाणाची रेघ खालीं वाढविली कीं व्याध सांपडतो. रात्रीच्या ताऱ्यांत याहून तेजस्वी तारा नाहीं. तीच वर नेली कीं तांबूस रोहिणीजवळ पोहोंचतां येतें. बोट मुलालाच फिरवूं द्यावें. मग गोष्ट सांगावी. मात्र ऐतरेय ब्राह्मणांतील मूळ कथा लहानांसाठीं जरा सोंवळी करून घ्यावी लागते. हा बाण जवळजवळ नेमका पूर्वेस उगवतो व पश्चिमेस मावळतो, म्हणून रात्रीच्या वाटसरूस तो दिशाहि सांगतो.

थोरल्या मुलांस आणखी एक सांगावें. पृथ्वीचा आंस अत्यंत मंद गतीनें डोलतो. त्यामुळें वसंतसंपात नक्षत्रांतून मागें सरकतो. तो मृगांत होता त्या काळाचे उल्लेख वेदांत आहेत, असें लोकमान्य टिळकांनीं १८९३ सालच्या ‘ओरायन’ ग्रंथांत मांडलें व तो काळ इसवी सनापूर्वीं सुमारें ४००० वर्षांचा ठरविला. सर्व पंडितांस तें मान्य झालें नाहीं. पण डोलणें निर्विवाद आहे. त्यापायीं मृग लागण्याची तारीख दर ७२ वर्षांनीं सुमारें एक दिवस पुढें जाते. ऋतु मात्र नक्षत्रांबरोबर सरकत नाहींत. आणखी दोन हजार वर्षांनीं मृग जुलैच्या आरंभीं लागेल; पावसाचा क्रम आजचाच राहिला तर तोंवर शेतांत रोपें वर आलेलीं असतील.