हे पत्र कोणासाठी?

गेल्या चैत्रात आमच्या मुलुंडच्या सोसायटीला एका कार्यालयाचे पत्र आले. ‘उपरोक्त विषयान्वये आपणांस याद्वारे कळविण्यात येते की, विहित मुदतीत अनुपालन अहवाल सादर न केल्यास जलजोडणी खंडित करण्याची कार्यवाही अनुसरण्यात येईल.’ सोसायटीचा चिटणीस मी. तीनदा वाचले, कपाटात ठेवले. पुढे एकदा तळमजल्यावरच्या पेन्शनर नानांना दाखविले, तर ते म्हणाले, “अहो, कम्प्लायन्स रिपोर्ट! टाकी साफ केल्याचा कागद मागताहेत!” तेव्हा कुठे उजेड पडला. पण मुदत उलटून गेली होती. तीन दिवस नळ कोरडे; चौथ्या मजल्यावरच्या आजी कळशी घेऊन जिना चढत होत्या.

मराठी पत्र मनातल्या मनात इंग्रजीत उलटविल्यावाचून कळू नये, हिला का राजभाषा म्हणावयाचे? १९६४ चा राजभाषा अधिनियम याचसाठी झाला काय?

रोग जुना आहे. रोमचे सिनेट ग्रीक शहरांना आपले ठराव ग्रीकमध्ये धाडी. शब्द ग्रीक, बांधणी लॅटिन. ‘त्या बाबीविषयी असे ठरले’, ‘लिहिताना हजर होते’ ही लॅटिन दप्तरातली ठरीव वाक्ये शब्दाला शब्द लावून उतरविलेली. इतकी, की त्या ग्रीकवरून विद्वान हरवलेले लॅटिन पुन्हा उभे करतात! पण रोमन बोलूनचालून परके, वर जेते. आमचे साहेब तर घरी आईशी मराठीतच बोलतात ना?

कोणी म्हणेल, संस्कृत शब्दांना नाके का मुरडता? मुळीच नाही. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करविला. सावरकरांचे ‘महापौर’, ‘दिनांक’ आज कोणालाही अडत नाहीत. नवा शब्द लोक पचवितात. पचत नाही ते वाक्य. ‘कार्यवाही अनुसरण्यात येईल’ म्हणे! कोण अनुसरणार? साहेब, कारकून, की परमेश्वर?

समजावेसे खरोखर वाटते तेव्हा राज्यकर्त्यांना लोकांची भाषा बरोबर सापडते. परळला मिळालेला शिलाहार राजा अपरादित्याचा ११८७ चा शिलालेख घ्या. आमच्याच साष्टीतल्या एका वाडीच्या उत्पन्नाचे दान त्यात आहे. दानाचा मजकूर संस्कृतात. पण हे शासन मोडील त्याला घातलेली शिवी मात्र चोख मराठीत! (ती दिवाळी अंकात छापण्याजोगी नाही.) तिचा अर्थ विचारायला त्या काळी कोणी पेन्शनराकडे गेले नसेल.

मी कार्यालयाला लिहिले: ‘टाकी साफ केली. कागद जोडला आहे. पाणी सोडा.’ पाणी चौथ्या दिवशी आले. पत्राचे उत्तर महिन्याने आले: ‘आपले निवेदन विहित नमुन्यात नसल्याने ते विचारार्थ ग्राह्य धरता येत नाही; तथापि, सदर बाबतीत यथोचित पूर्तता करावी.’

आता काय पूर्ण करावयाचे? नाना तर सध्या गावी गेले आहेत.