घरकुल सरकारचं, मग संस्था कशाला?

वरूडच्या पारावर हा युक्तिवाद ठरलेला आहे. घर देणं सरकारचं काम, ते घरकुल देतंच आहे. मग ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’सारख्या संस्था वाढल्या काय नि आटल्या काय! त्याला पुस्तीही जोडलेली असते : फुकटात घर मिळालं की माणूस हातपाय हलवत नाही.

पुस्ती आधी निकालात काढू. 1976 मध्ये मिलार्ड आणि लिंडा फुलर यांनी अमेरिकेत ही संस्था काढली, तीच मुळी फुकट द्यायचं नाही या बोलीवर. नफा नाही, व्याज नाही. घरवाल्यानं बांधकामावर स्वतः राबायचं, हप्ते फेडायचे आणि त्यातून पुढच्याचं घर उभं करायचं. 1983 मध्ये खम्मममधून भारतातलं काम सुरू झालं. 2006 साली लोणावळ्याजवळ मळवलीत 100 घरं बांधायला अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर आले. फोटो कार्टरांचे छापले गेले, शेजारी घमेली वाहणारे घरमालक कुणाला दिसले?

आता मुख्य आक्षेप. 1985 ची इंदिरा आवास योजना 2016 पासून प्रधानमंत्री आवास झाली. मैदानी भागात 1 लाख 20 हजार, वर रोहयोची मजुरी, शौचालयाचे 12 हजार. पारावरून हा आकडा भरघोस दिसतो. पण संत्र्याच्या बागेत मजुरी करणारं कुटुंब ई-क्लास म्हणजे सरकारी जमिनीवर राहत असेल, तर यादीत नाव येऊनही ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर जागा नसते. ज्याच्याकडे जागा आहे, त्याला आधी राहतं घर पाडावं लागतं. कुडाच्या भिंती उतरवायच्या, टिनं शेजाऱ्याच्या अंगणात रचायची आणि 15 हजारांच्या पहिल्या हप्त्यात जोतं काढायचं. ते निघत नाही. जोत्याचा फोटो चढल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. रेती मोफत जाहीर होते, पण ट्रॅक्टरचं भाडं कोण देणार? मग बागमालकाकडून उचल, आणि ती फिटेस्तोवर त्याच्याच बागेत राबणं. मृग बरसतो तेव्हा जोत्यातून सळया वर आलेल्या असतात, बिऱ्हाड ताडपत्रीखाली.

सरकार देतं, म्हणूनच संस्था हवी. पहिल्या हप्त्याआधी बिनव्याजी उचल, जागेच्या कागदासाठी खेटे घालणारा माणूस, मिस्त्रीच्या कामावर जाणती नजर, एवढं जरी तिनं केलं तरी सरकारचेच पैसे छपरापर्यंत पोचतील.

आक्षेप घ्यायचाच तर तो संस्थांच्या वाढीच्या तऱ्हेवर घ्यावा. 2014 पासून मोठ्या कंपन्यांना सीएसआर, म्हणजे नफ्यातला वाटा समाजकार्यावर खर्चणं, बंधनकारक झाला आणि देणगीदाराला तयार घर, दारावर पाटी, फीत कापणं गोड वाटू लागलं. कुणाच्या अडलेल्या जोत्यात घातलेल्या पैशावर पाटी लागत नाही.

वरूडला अशा संस्थेनं बस्तान मांडलंच, तर पहिली वीट रचण्याआधी तिनं पंचायत समितीकडून अर्धवट घरकुलांची यादी मागावी. एक हप्ता उचलून थांबलेली नावं त्यातच सापडतील.