विश्लेषण : पक्ष सुटला, तरी जर्मन महापौराचे पद कसे टिकले?

जर्मनीतील ट्यूबिंगन हे जेमतेम ९० हजार वस्तीचे विद्यापीठनगर. तिथल्या महापौरांच्या बातम्या मात्र देशभर वाचल्या जातात, आणि त्या दर वेळी चांगल्याच असतात असे नाही. बोरिस पाल्मर जानेवारी २००७ पासून या पदावर आहेत. एकेकाळचे ग्रीन पक्षाचे उगवते नेते. २०२३ मध्ये त्यांनी पक्ष सोडला, पद मात्र कायम राहिले.

इथला महापौर इतका बलवान कसा?

आपल्याकडे महापौर सभागृह चालवतात आणि कारभार आयुक्त पाहतात. ट्यूबिंगन ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आहे, तिथे ही दोन्ही कामे एकाच व्यक्तीकडे असतात. महापौराला नागरिक थेट निवडतात, तेही ८ वर्षांसाठी. त्यासाठी पक्षाचे तिकीट लागत नाही. पाल्मर यांचे वडील हेल्मुट यांनी पक्षाविना अशा शेकडो निवडणुका लढवल्या, पण ते एकदाही महापौर झाले नाहीत. अधिकाऱ्यांचा अपमान केल्याबद्दल तुरुंगात मात्र जाऊन आले. मुलाला पद मिळाले, जीभ वडिलांचीच.

त्यांच्या कामाचे महत्त्व काय?

ट्यूबिंगनने १ जानेवारी २०२२ पासून एकदाच वापरून फेकायच्या कप, डबे आणि खोक्यांवर ५० सेंट, तर चमचे-काट्यांवर २० सेंट कर लावला. कचरापेट्या ओसंडत होत्या आणि सफाईचा खर्च पालिकेच्या माथी येत होता. मॅकडोनाल्ड्सच्या स्थानिक फ्रँचाइझी चालकाने कोर्ट गाठले. मानहाइमच्या उच्च प्रशासकीय न्यायालयाने कर रद्द ठरवला. मे २०२३ मध्ये लाइपझिगच्या संघीय प्रशासकीय न्यायालयाने तो बव्हंशी वैध मानला आणि जानेवारी २०२५ मध्ये संघीय घटना न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. एका छोट्या पालिकेने देशभरातील पालिकांसाठी वाट मोकळी केली, ही कामगिरी लहान नव्हे. त्याच महिन्यात कॉन्स्टान्स शहरानेही असा कर सुरू केला. दुकानदारांना दुखावणारा निर्णय रेटायला ८ वर्षांची मुदत उपयोगी पडते, हेही खरेच.

मग पक्षाशी बिनसले कशावरून?

करोनाच्या पहिल्या लाटेत, आपण वाचवतो आहोत ती माणसे कदाचित सहा महिन्यांत मरणारच होती, अशा आशयाचे विधान त्यांनी केले. २०२१ मध्ये एका कृष्णवर्णीय माजी फुटबॉलपटूविषयीच्या फेसबुक टिप्पणीवरून हकालपट्टीची कारवाई सुरू झाली. तडजोड म्हणून त्यांचे सदस्यत्व २०२३ अखेरपर्यंत गोठवण्यात आले. तरीही ऑक्टोबर २०२२ मध्ये अपक्ष म्हणून, ग्रीन पक्षाच्याच उमेदवाराविरुद्ध, ते पहिल्याच फेरीत ५२.४ टक्के मतांनी निवडून आले. एप्रिल २०२३ मध्ये फ्रँकफर्टमधील स्थलांतरविषयक परिषदेबाहेर त्यांनी कृष्णवर्णीयांसाठीचा अपशब्द वारंवार वापरला. वर, विरोध करणाऱ्यांच्या वागण्याची तुलना ज्यूंवर लादलेल्या पिवळ्या ताऱ्याशी केली. त्यानंतर काही दिवसांतच ते पक्षातून बाहेर पडले आणि जूनमध्ये महिनाभर रजेवर गेले.

मतदारांनी कामाला मत दिले, हे समर्थन अर्धवट आहे. युरोपीय महासंघाबाहेरचे नागरिकत्व असलेल्यांना जर्मनीत स्थानिक निवडणुकीतही मतदान करता येत नाही. स्थलांतरितांविषयीची महापौरांची भाषा ज्यांना सर्वाधिक झोंबते, त्यांतील अनेकांचे मत त्या ५२.४ टक्क्यांत नव्हते आणि विरोधातही नव्हते.