पंक्चर कोणाला काढता येतं?

परवा आमच्या सोसायटीच्या गच्चीवर एक सभा भरली. विषय : पुण्याहून पंढरपूरला सायकलने, एका दिवसात. अंतर २०० किलोमीटरच्या वर. उत्साह उतू चालला होता आणि मला कौतुकही वाटत होतं. पण दोन तास काय चर्चा झाली म्हणाल, तर जर्सीचा रंग कोणता, त्यावर पाठीमागे काय छापायचं, मोबाइलचं कोणतं ॲप घ्यायचं, कोणता चष्मा, कोणते बूट. यादी संपल्यावर एकजण म्हणाले, "चला, तयारी झाली!"

मी मागच्या खुर्चीवरून विचारलं, "पंक्चर कोणाला काढता येतं?"

आधी शांतता, मग हशा. "आजी, मागे गाडी असणारच आहे की!"

त्या हशाबद्दलच आज लिहिते आहे. थोडी रागावले आहे, सांभाळून घ्या.

माझा नातू दोन वर्षांपूर्वी अशाच एका गटाबरोबर याच वाटेने गेला होता. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. भिगवण सोडल्यावर मागचं चाक बसलं. ट्रकच्या फुटलेल्या टायरची बारीक तार घुसली होती. महामार्गाच्या कडेला असल्या तारा पसरलेल्या असतात, केसासारख्या. मागची ती गाडी, जिच्या भरवशावर सगळे निघाले होते, ती पुढच्या मंडळींचे फोटो काढत पुढे गेलेली. पोराच्या पिशवीत नवी ट्यूब होती, छोटा पंपही होता, पण पंपाचं प्लास्टिकसुद्धा फोडलेलं नव्हतं. ट्रकची पंक्चर काढणाऱ्या एका टपरीवाल्याने मदत केली. त्याच्या हवेच्या नळीला या सायकलचा बारीक तोंडाचा व्हॉल्व्ह बसेना, म्हणून छोट्या पंपाने दोघांनी आळीपाळीने हवा भरली. दहा मिनिटांत चाक पुन्हा खाली. का? तर तार टायरमध्येच राहिली होती! नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून हलकेच बोट फिरवून काय टोचतंय ते बघायचं असतं, हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. मग अंधारात, शेजारून ट्रक जात असताना, पोरगा सात किलोमीटर सायकल ढकलत चालला. इकडे त्याची आई फोन हातात धरून बसलेली. त्या गटाने नंतर त्याला पदक पाठवलं. असो.

मी शाळेत सव्वीस वर्षं सायकलवरून गेले. वर्षातून एकदा नववीच्या मुलींना खडकवासल्याला सायकलींवरून नेत असू. काही फार मोठा पल्ला नव्हे. पण आदल्या शनिवारी मधल्या सुट्टीनंतर मैदानात सगळ्या सायकली उलट्या करून ठेवायच्या हा नियम. ब्रेकची रबरं झिजलीत का, चाक फिरवलं की डावीउजवीकडे डुलतं का (म्हणजे आउट काढायला हवा), चेन सैल आहे का, सगळं मुलींनी स्वतः बघायचं. घमेल्यात पाणी घेऊन ट्यूब बुडवायची, बुडबुडे दिसले की तिथे खूण, पुसून कोरडं करायचं, काच कागदाने घासायचं, सोल्युशन लावायचं आणि (इथेच सगळ्या घाई करायच्या) ते वाळेपर्यंत थांबायचं, मग ठिगळ. घरच्या सायकली बापाने किंवा भावाने ओव्हरऑइलिंगला टाकायच्या, अशी रीत होती तेव्हा. पहिल्या वर्षी दोन पालक तक्रार घेऊन आले, मुलींचे हात काळे झाले म्हणून. होऊ द्यात म्हटलं.

मी खरेदीच्या विरुद्ध आहे असं समजू नका. हेल्मेट आणि पुढचा-मागचा दिवा यांत काटकसर करणाऱ्याला मी घराबाहेर पडू देणार नाही. त्या गादी लावलेल्या चड्ड्यांना मी फार हसले होते. पण नातवाने एक आणून दिली आणि आता तिच्याशिवाय मी वीस किलोमीटरही जात नाही. हे कबूल. पण आठ तास सीटवर बसायची सवय दुकानात मिळत नाही. ती बसूनच होते. या रविवारी तीस किलोमीटर, पुढच्याला चाळीस, असं दोन-अडीच महिने. सीटची उंचीही अशीच. पॅडल सगळ्यात खाली नेऊन त्यावर टाच ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे. एवढं घरी भिंतीला टेकून बघता येतं. बघत नाहीत, आणि शंभराव्या किलोमीटरला गुडघा धरून बसतात. तहान लागायच्या आधी पाणी प्यायचं, भूक लागायच्या आधी खायचं, हेही आधी करून बघायला हवं. प्रवासाच्या दिवशी पहिल्यांदाच कसलंसं महागडं चिकट जेल खाऊन पोट बिघडवून घेणारे मी पाहिले आहेत. शेंगदाण्याचे लाडू चालतात हो!

"आजी, जमाना बदलला," असं सभेत एकाने ऐकवलं. बदलला ना. १९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे १९२८ च्या मार्चात ती पुरी करून परत आले. त्यांच्या मागे कुठली व्हॅन होती? आजची सायकल त्यांच्या सायकलीपेक्षा कितीतरी हलकी आहे, रस्ते गुळगुळीत आहेत. मग आपले हातच तेवढे अडाणी का राहावेत? पैसे देऊन सुटका करून घ्यायची ही सवय आहे आपली. मुलांना शिकवणी लावली की अभ्यास झाला असं समजणारे पालक आणि हे, माझ्या लेखी एकाच माळेचे मणी.

सभेत मी शेवटी एवढंच सुचवलं, की ज्याला स्वतःचं मागचं चाक काढून पुन्हा बसवता येत नाही, त्याचं नाव यादीत घालू नये. ठराव नऊ विरुद्ध दोन असा पडला. दुसरं मत वॉचमनकाकांचं. त्यांना मताचा अधिकार नव्हता म्हणे, पण ते रोज बारा किलोमीटर सायकलने येतात.

नातू यंदा पुन्हा जाणार आहे. गेले चार रविवार अंगणात सायकल उलटी पडलेली असते. पुढच्या चाकाची ट्यूब त्याने परवा अकरा मिनिटांत बदलली, टायरमधून बोट फिरवून. मागचं चाक चेनमुळे अजून अडतंय.